मागचा डावा बलून

सकाळी साडेनवाला जयवंत त्या मोठ्या परदेशी गाडीपाशी वाकला. मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घालून त्यानं गाडी उचलून धरणाऱ्या हवेच्या बलूनच्या नळीचा नट अर्धा आटा सैल केला आणि मागे सरकला. हवा सुटायचा आवाज अगदी बारीक होता, झोपलेल्या बाळाच्या श्वासाएवढा. गाडी हळूहळू त्या अंगाला कलली आणि चाकावर बसली.

बाकी सगळं त्यानं मनापासून केलं होतं. सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या केल्या, ओलं कार्पेट उचलून उन्हात वाळवलं, तडकलेला कूलंटचा पाइप बदलला. बलून तर पहिल्याच दिवशी नवा घातला होता. यंत्राशी त्याचं काही वैर नव्हतं.

दहाच्या ठोक्याला खारकर साहेब टॅक्सीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. त्यांनी गाडीच्या कललेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"परत बसली?"

"बसली, साहेब. पंधरा वर्षांची गाडी. एक धरलं की दुसरं सुटतं."

"काल संध्याकाळी फोनवर तर म्हणालात, उभी आहे."

"रात्रीतून सुटते हवा. थांबा, बघतो."

साहेब गॅरेजच्या दाराशी, आज उभ्या केलेल्या टेम्पोपाशी थांबले. रोज थांबायचे तसे, काठीवर दोन्ही हात ठेवून.

कुशाबा वायरिंगचं काम करायचा. तो जयवंतला आत घेऊन गेला. "बस कर आता. तू कोणाचा, हे आठवत पण नाही त्याला."

"मला आठवतंय ना."

"म्हातारा माणूस आहे रे."

"संप मोडल्यावर बाबा बदली कामगाराचं कार्ड घेऊन मिलच्या गेटवर उभे राहायचे. हा तिथला लेबर ऑफिसर. पाळीचा भोंगा झाला की बाहेर यायचा. म्हणायचा, थांबा, बघतो. मग म्हणायचा, उद्या या. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी म्हणाला, आता येऊ नका."

"आणि आज कितवा?"

"अठरावा."

कुशाबानं मान हलवली आणि वायरिंगचा गुंता सोडवायला बसला.

"अहो मिस्त्री," साहेबांनी दारातून हाक मारली. आवाज मऊ होता. "आज काही करून चालती करा. मुलगी आलीय अमेरिकेहून. तिनं उद्या भंगारवाला बोलावलाय. म्हणते, खटारा कशाला ठेवताय?" ते पुढच्या डाव्या दाराच्या काचेतून आत पाहत राहिले. "आमच्या हिची जागा होती ती. शेवटी शेवटी घरापेक्षा इथंच बरं वाटायचं तिला. एसी लावून नुसती बसून राहायची."

नट अर्धा आटा आवळला असता तर गाडी पाच मिनिटांत उभी राहिली असती. जयवंतनं पान्हा उचलला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. नटावर पान्हा बसवला.

तेवढ्यात गॅरेजसमोरच्या चाळीच्या जिन्यावरून सुभद्रा उतरली. त्याची आई. हातात चहाचा कप, बशीनं झाकलेला. तिनं तो साहेबांपुढे धरला.

"घ्या. उन्हात उभे आहात."

"थँक्यू बाई. अहो, कशाला त्रास?"

"त्रास कसला! जरा अशे इकडे या. हां. अजून थोडे. इथं बरं."

साहेब तिनं दाखवलं तिथं येऊन उभे राहिले. तिथंही ऊनच होतं. काठी काखेत धरून ते बशीतून चहा पिऊ लागले.

सुभद्रा जयवंतपाशी येऊन वाकली. "सायब थंय टेम्पोच्या आड जात होतो," ती हळूच म्हणाली. "वरून तेंका दिसत नव्हतो."

जयवंतनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लवू बसले होते. त्याचे बाबा. गेल्या वर्षी लकवा झाल्यापासून ते त्याला खाटेवरून उठलेले दिसले नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आता खुर्चीत होते. दाढी केलेली, पांढरा धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. उजव्या पायावर डावा पाय टाकून, पाठ टेकून, खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होते.

"आये, हे कधीपासून?"

"गाडी इली तेव्हापासून. सकाळी तू खाली गेलंस काय आपणहून आंघोळीक हाक मारतत. दोन भाकऱ्या खातत."

जयवंतनं पान्हा नटावरून काढला.

"पण तो डावा पाय तर हलत नाही त्यांचा."

"मियाच उचलून ठेवलंय," सुभद्रा म्हणाली. "म्हणाले, असोच ऱ्हवांदे."