चावडीवरचे दोन रकाने

२०१९ साली हरणाबाई सरपंच झाली आणि घरातलं भांडण चावडीच्या फळ्यावर आलं. पाऊस कधी येणार, हे तिचा नवरा हरिबा मेंढरं बघून सांगायचा आणि सून सोनिया मोबाईल बघून. हरणाबाईनं खडूनं दोन रकाने आखले. दोन्हींतली अक्षरं सारखीच मोठी.

पहिल्या खेपेला सोनिया चुकली. लोक म्हणाले, "हवाच फिरली." पुढच्या खेपेला हरिबा चुकला. लोक म्हणाले, "म्हातारं खुळं झालंय." हरिबा चावडीकडं फिरकेनासा झाला.

हरणाबाईनं दोघांना फळ्यापुढं उभं केलं. "आजपास्नं चुकंल त्यानं का चुकलं ते सांगायचं. आन् बरोबर येईल त्यानं का आलं, तेबी."

"आवं आत्या, बरोबर आल्यावर कशाला?" सोनियानं विचारलं.

"नुसतं चुकल्यालाच विचारलं की त्यो पंचनामा हुतो, बाई."

हरिबा मिशीत हसला. "मला चाळीस वर्सं दोन्ही बारीला इचारतीया ही."

हरिबा मागच्या साली गेला. सरपंचकी सुटलेली हरणाबाई आता चावडीच्या पायरीवर बसून असते. सोनिया रोज सकाळी मेंढरं बघून आधी हरिबाचा रकाना भरते, मग मोबाईल बघून आपला. आणि दोन्हींचा जाब गावापुढं एकटीच देते.