जिवंत भाषा किती?

सामान्य ज्ञानाचा पेपर चालू असताना ऋजुताने हात वर केला. "मॅडम, चौदाव्या प्रश्नाचं माझं उत्तर हिरवं झालं होतं, आता आपोआप लाल झालं!"

सुमित्राबाई तिच्या बाकापाशी गेल्या. जगात आज किती भाषा बोलल्या जातात? पोरीने ३११८ लिहिलं होतं, आणि घटकाभरापूर्वी ते बरोबरही होतं. पण पडद्यावरच्या उत्तरपत्रिका थेट जगाच्या नोंदींशी जोडलेल्या. तिकडे काही बदललं की इथलं उत्तर चुकायचं.

एखाद्या भाषेचं शेवटचं माणूस उरलं की त्याच्या मनगटाला नोंदणीचा पट्टा बांधत; नाडी थांबली की ती भाषा नोंदीतून आपोआप वजा होई. बाईंच्या वडिलांच्या हातात तो चार वर्षं होता, आणि आज सकाळीच त्यांना धारणीच्या दवाखान्यात ठेवून बाई ड्यूटीवर आल्या होत्या. निघताना बाबा त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. शाळेत पोरं हसतील म्हणून बाबांनीच लेकीला ती शिकवली नव्हती. पाणी मागत असतील, असं समजून बाईंनी पेला पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला आणि तेच पुन्हा म्हणाले.

अशी शेवटची माणसं जगात पुष्कळ आहेत, बाईंनी मनाला बजावलं. फोन बाहेर जमा होता, घंटेला चाळीस मिनिटं होती.

तेवढ्यात प्रश्नाखाली बारीक ओळ उमटली. बदलाचं ठिकाण: धारणी.

"मॅडम, एक कमी करू का?"

"कर," बाई म्हणाल्या.

उत्तर पुन्हा हिरवं झालं.