ओरिनसाठी वेगळा भाव

डेल्फाच्या दुकानातल्या तीन पिस्तुलांच्या चिठ्ठ्यांवर किंमत खोडून वाढवलेली होती. ही तिन्ही ओरिनने मागितलेली होती.

बाकी सगळं स्वस्त होतं. साथीच्या धास्तीने मिसूरीतल्या त्या गावाने रांगा लावून पिस्तुलं नेली होती, आणि आता तीच माणसं ती अर्ध्या भावात विकायला आणत होती. बहुतेक पिस्तुलांतून एकही गोळी झाडलेली नव्हती, नळीत कारखान्यातलं तेलही तसंच होतं. घेणारे खूश होते. ते पिस्तूल हातात धरून बघत, नेम कसा लागतो ते विचारत.

ओरिनने तसं कधीच काही विचारलं नाही. बायको गेल्यापासून तो दर शनिवारी यायचा, एखादं पिस्तूल मागायचा आणि भाव ऐकून परत जायचा.

"साऱ्या गावाला स्वस्तात देतेस, मलाच बरी लुटतेस."

"तू श्रीमंत दिसतोस ना, म्हणून," डेल्फा म्हणाली.

"मग आज लूटच. गाडी विकून टाकली. म्हणशील तो भाव देतो."

"गाडी विकलीस? मग तुझ्या कुत्र्याला फिरवणार कशातून? रस्टी रुसेल की."

"रस्टीला बहिणीकडे देऊन आलो. कायमचा."

डेल्फाने त्याला दाखवायला काढलेलं पिस्तूल परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. इतके शनिवार भाव चढवून जे बोलायचं टाळलं होतं, ते आता टाळता येणार नव्हतं.



"ओरिन, तुला मी पिस्तूल विकणार नाही. कुठल्याच भावाला नाही. थांब, गाडी काढते, रस्टीला आणायला जाऊ."