बोटांचा हिशेब

शारदाला बोटं मोजल्याशिवाय बेरीज जमायची नाही, म्हणून लक्ष्मीकांत गुरुजी भर वर्गात तिचे हात रुमालानं मागे बांधत. ‘डोक्यानं शिक वं पोरी. बोटानं काऊन शिकते?’ सारा वर्ग हसे.

बासष्ट साली ती तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजात लागली. साऱ्या गावांच्या तारा तिच्याच बोर्डावर येत.

एक दिवस आता डोणगावला हेडमास्तर झालेले गुरुजी फोनवर मेव्हण्याजवळ शाळेच्या अध्यक्षांची उणीदुणी काढू लागले, तशी तिनं अध्यक्षांच्या घरची लाइनही त्यात जोडून दिली. अध्यक्ष गुपचूप ऐकत राहिले.

‘त्या ठोंब्याले शाळा नाही, ढोरं सांभाळाले द्या लागते,’ गुरुजी म्हणाले. मग कोणीतरी खाकरल्यासारखं वाटून दचकले. ‘ऑपरेटर बाई, लाइनीवर आम्ही दोघंच आहो ना?’

 

‘थांबा गुरुजी, मी शारदा. बोटांवर मोजून सांगते. एक, दोन... तीन.’