पिकअपचा दम

जावयाच्या नव्या पिकअपला सासऱ्यांची बंद पडलेली गाडी दोराने बांधली होती. दोन टनांपर्यंत बिनधास्त ओढा, असं शोरूमवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि ही गाडी तर जेमतेम एक टनाची. तरी साध्या चढावर पिकअप रडकुंडीला आली. जावयाने गिअर उतरवला, एसी बंद केला, शेजारी बायको बसलेली असूनही शोरूमवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेले सासरे दर वळणावर खिडकीतून ओरडत होते, "म्हटलं नव्हतं, हिच्यात दमच नाही म्हणून!"

गॅरेजात पोचल्यावर मेकॅनिक नाक दाबून मागच्या गाडीत डोकावला. "अहो काका, चाकं पेटायला आलीत! हँडब्रेक ओढलेला आहे की हा!"

"मीच ओढून ठेवलाय," सासरे म्हणाले. "जावईबापू सुसाट निघाले होते. कुणीतरी आवरायला नको?"

जावयाने कपाळावर हात मारून घेतला. बायको पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत वडिलांना म्हणाली, "आणि मी वेडी, लग्न होईपर्यंत समजत होते, माझ्यातच दम नाही."