दहा हजार सात लाद्या

लाद्यांचा व्यापारी तीन महिने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा मुलगी सोडून कुणी फिरकलं नाही. तो बरा झाल्याचं कळताच तिन्ही मुलगे गोदामात वाटणी मागायला हजर! म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो गोड हसला.

"घ्या की! दहा हजार सात लाद्या आहेत. घरातली माणसं हवी तेवढी धरा, फक्त सगळ्यांना सारख्या आल्या पाहिजेत. एक जरी उरली, तर अख्खा माल ताईचा. कबूल?"

"कबूल!"

तिघांत भागेना. बायका धरून सहांत भागेना, पोरं धरून अकरांतही भागेना. थोरल्याने कॅल्क्युलेटर आपटला. "बाबा, हा कसला मेला आकडा? कशानेच भाग जात नाही!"

"मूळ संख्या आहे ती, गाढवांनो! जायचाच नाही. आता चालते व्हा!"

तिघं पाय आपटत गेले. ताई डोळे पुसत म्हणाली, "बाबा, माझं नशीबच म्हणायचं."



"नशीब कसलं, पोरी? काल दहा हजार आठ होत्या, तिघांत चोख भागल्या असत्या. एक मीच हातोडीने फोडली."