समुद्रावरची सोयरीक

“बादली न्हाई का म्हणून विचारा की त्यांना,” महानंदा न्हाणीघरातून म्हणाली, आणि गुरुपादप्पांनी फोन उचलून हिंदीत बादली मागितली.

न्हाणीघरात माणूस पाय पसरून झोपेल एवढा टब होता. पण जिनं लातुरात आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली, तिला तो भरवेना. एवढ्या पाण्यात आपली गल्ली दोन दिवस काढेल, असं तिचं म्हणणं पडलं.

हॉटेल पुदुच्चेरीत, ऐन समुद्रावर. कुण्या फ्रेंच साहेबाची दीडशे वर्षांची हवेली घासूनपुसून, पिवळा रंग देऊन पाहुण्यांसाठी उघडलेली. पलंगाला चार खांब, खिडक्यांना लाकडी पट्ट्या आणि वर कुरकुरणारा पंखा, तोही म्हणे मुद्दाम जुना ठेवलेला. लातुरात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या गुरुपादप्पांना यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. ते आले होते होणारा जावई पाहायला.

बादली घेऊन आला तोच तो. सोमेश, मूळचा उदगीरचा, इथं मॅनेजर. मंजुश्रीसाठी त्याचं स्थळ आलं होतं. घरच्यांची चौकशी गुरुपादप्पांचे मेहुणे उदगिरात जाऊन करून आले होते. वडील निवृत्त मास्तर, धोतर-टोपीतले, साधे. पण घरी काय, सगळेच गरीब गाय असतात. मुलगा पाहावा तर नोकरीच्या जागी, आणि तोही त्याला पत्ता लागू न देता, असं गुरुपादप्पांचं ठाम मत. म्हणून खोली पुतण्याच्या, मल्लेशच्या, नावावर घेतली होती. आल्या आल्या काउंटरवर आधार कार्डं तेवढी दिली. ती कुठंही द्यावीच लागतात. सोमेशसमोर मात्र मराठीचा एक शब्द काढायचा नाही, असं नवरा-बायकोत ठरलं होतं.

पहिल्या दिवशी त्याचा राग तपासून झाला. गुरुपादप्पांनी कॉफी तीनदा परत पाठवली. एकदा गार म्हणून, एकदा गरम म्हणून, आणि एकदा काहीच कारण सुचलं नाही म्हणून. चौथा कप सोमेशनं स्वतः आणला आणि साखर हवी का, असं हसून विचारलं.

खरी अडचण वेगळीच होती. घराणं लिंगायत, पण मुलाच्या गळ्यात इष्टलिंग आहे की नाही? हॉटेलचा कोट बंद गळ्याचा, बटणं थेट हनुवटीपर्यंत. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पांनी त्याला पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकवलं, पंखा बंद करून घामाघूम केलं, वरचं बटण सोडायचा प्रेमळ सल्लाही दिला. सोमेशनं खिडकी उघडून दिली आणि समुद्राचा वारा आत घेतला. बटण जागचं हललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून व्हरांड्यात शेजारच्या वेताच्या खुर्चीत एक म्हातारा येऊन बसू लागला. हाफ पँट, गवताची हॅट, काळा चष्मा, हातात इंग्रजी पेपर. महानंदानं आवाज खाली आणला.

“बोल की मोकळं,” गुरुपादप्पा म्हणाले. “मद्रासकडचा रिटायर जज दिसतोय. त्याला काय कळून राहिलंय आपलं?”

तरी खात्री करावी म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला मराठीत विचारलं, काय आजोबा, नाश्ता झाला का? म्हाताऱ्यानं हॅट जराशी उचलली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. झाली खात्री. मग दोन दिवस दोघं त्या व्हरांड्यात घरच्यासारखे बोलत राहिले. सोमेश दिसला की गप्प, तो वळला की पुन्हा सुरू.

महानंदाला एकच काळजी होती. मंजुश्रीची आधीची दोन स्थळं वयावरून मोडली होती. पोरगी रडून रडून सुकली होती. म्हणून या वेळी बायोडाट्यात सव्वीस लिहिलं होतं. खरं वय एकोणतीस. आणि सोमेश अठ्ठावीसचा.

“पोरगा लई गुणाचा हाय हो,” ती म्हणाली. “वयाची तीन वर्षं चोरून आपण त्याला फसवून राहिलो. माझ्या जिवाला लागून राहिलंय ते.”

“लग्न झाल्यावर सांगू की.”

“अन् आधीच कळलं तर? हे बी स्थळ गेलं तर पोरगी पुन्हा उभी राहणार न्हाई.”

“कोण सांगतंय? इथं आपण दोघंच.”

म्हाताऱ्यानं पेपर जरा वर धरला. ऊन डोळ्यांवर येत असावं.

निघायच्या दिवशी पहाटे फिरायला म्हणून गुरुपादप्पा मागच्या बाजूनं गेले. नोकरांच्या खोल्यांपैकी एकीची खिडकी उघडी होती. आत सोमेश उघड्या अंगानं, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसला होता. गुरुपादप्पांना भरून आलं. आपण याला चप्पल काढायला लावली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. परत येईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता.

व्हरांड्यात सोमेश कॉफी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याचा हातच धरला.

“मी लातूरचा गुरुपादप्पा. मंजुश्रीचा बाप,” ते मराठीत म्हणाले. “आम्हाला पोरगा पसंत हाय.”

सोमेश वाकून दोघांच्या पाया पडला. त्याला काहीच नवल वाटलेलं दिसेना, याचंच गुरुपादप्पांना नवल वाटलं.

“हाव, काका. काउंटरवरची आधार कार्डं माझ्याच टेबलावर आली होती की,” तो म्हणाला. “त्याच दिवशी घरी फोन केला.”

शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली आणि काळा चष्मा काढला.

“सोमू, पाहुण्यांना चहा सांग,” तो म्हणाला. “अन् पोरगी तुझ्याहून वर्षानं थोरली हाय, हे तुझ्या आईला सांगू नको.”